ठाणे–नवी मुंबईत आलेले, इथून गेलेले आणि मतदार यादी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की आम्ही काही शेजारी रविवारी सोसायटीच्या गेटापाशी टेबल टाकून लोकांना मतदार नोंदणीचे फॉर्म भरायला मदत करतो. तिथे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे प्रश्न दोन जातींचे असतात. एक, ‘माझं नाव नक्की कुठे असायला हवं?’ आणि दुसरा, जरा आवाज खाली करून, ‘ही सगळी बाहेरची माणसं आल्यामुळे आपल्याकडचा निकाल फिरला का हो?’ दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातून जातं, म्हणून यादीपासून सुरुवात केली आहे.

१. मी मूळचा दुसऱ्या राज्यातला. ठाण्यात मत द्यायला किती वर्षं राहिलेलं असावं लागतं? डोमिसाईल लागतं का?

वर्षांची अट नाही आणि डोमिसाईलही लागत नाही. १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला वेगळ्या कामांसाठी असतो, मतदार यादीशी त्याचा संबंध नाही. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा तीन गोष्टी बघतो : तुम्ही भारताचे नागरिक आहात, १८ वर्षं पूर्ण आहेत आणि त्या मतदारसंघाचे ‘सर्वसाधारण रहिवासी’ आहात. वयासाठी आता वर्षात चार तारखा धरतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.

‘सर्वसाधारण रहिवासी’ म्हणजे साध्या भाषेत, रोज रात्री जिथे परतता तिथले. खारघरमध्ये गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतला आणि राहता इंदूरला, तर त्या फ्लॅटवर नाव लागत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय की केवळ घराची मालकी पुरत नाही. उलट दिघ्यात दहा बाय दहाच्या खोलीत चौघांत राहणारा नोंदणीला पूर्ण पात्र आहे.

२. गावाकडे नाव आहे. इथे फॉर्म ६ भरू की ८?

८. फॉर्म ६ आयुष्यात पहिल्यांदा नाव लावणाऱ्यासाठी आहे आणि त्यात ‘माझं नाव दुसरीकडे नाही’ असं लिहून द्यावं लागतं. ऑगस्ट २०२२ पासून पत्ता बदलणं, दुरुस्ती, हरवलेलं कार्ड हे सगळं फॉर्म ८ मध्येच आहे, मग तुम्ही सानपाड्याहून नेरूळला आलात की सिवानहून. कार्डाचा नंबर तोच राहतो आणि जुन्या ठिकाणचं नाव निघतं.

आमच्या टेबलावर सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. कोणीतरी उत्साही कार्यकर्ता सरसकट फॉर्म ६ भरून घेतो, संख्या मोठी दिसते, आणि गावातलं नाव तसंच राहून माणूस नकळत ‘दुबार’ होतो.

३. भाड्याने राहतो. घरमालक म्हणतो, माझ्या पत्त्यावर नाव लावू नका.

मालकाची परवानगी लागत नाही. नोंदणीकृत भाडेकरार चालतो, आणि महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं हे मुळात कायद्याने बंधनकारक आहे. त्याशिवाय त्या पत्त्याचं आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, वीज-पाणी-गॅसचं बिल यांपैकी काहीही. मतदार यादीत नाव लागल्याने घरावर हक्क लागत नाही, हे मालकाला शांतपणे सांगा. अर्ध्या वेळा तेवढ्यावर भागतं.

४. दोन्हीकडे नाव ठेवलं तर काय बिघडतं? गावात एक मत, इथे एक.

बिघडतं. दोन मतदारसंघांत नोंदणीला कायद्यात मनाई आहे. खोटं प्रतिज्ञापन केलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एकाच सार्वत्रिक निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिलं तर दोन्ही मतं बाद ठरतात.

या विषयावर नवी मुंबईने देशभर बातमी केली होती. २०१४ च्या लोकसभेला साताऱ्याचं मतदान १७ एप्रिलला होतं आणि आपल्याकडचं २४ ला. माथाडी कामगारांच्या मेळाव्यात शरद पवार म्हणाले, तिकडे मत द्या, मग इकडे या, शाई तेवढी पुसा. निवडणूक आयोगाने नोटीस काढली, आपण गमतीने बोललो असं त्यांनी सांगितलं, आणि आयोगाने नाराजी नोंदवून विषय संपवला. सभेतले लोक मात्र हसले होते, कारण गावात आणि कोपरखैरण्यात अशी दोन घरं असणं त्यांच्या रोजच्या जगण्यातलं होतं.

१५ जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत संभाव्य दुबार नावांपुढे यादीत दोन तारे छापले होते. तारा म्हणजे गुन्हा नव्हे. एकाच नावाच्या दोन वेगळ्या माणसांनाही तो लागू शकतो. तुम्हाला लागला असेल तर पुढच्या निवडणुकीची वाट न बघता आत्ताच फॉर्म भरून निस्तरा.

५. मग माणसं आली की मतदानाचा कल बदलतो, तो नेमका कसा?

हा खरा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत ठाणे शहर १२.६ लाखांवरून १८.४ लाखांवर गेलं, नवी मुंबई ७ लाखांवरून ११.२ लाखांवर. एवढी माणसं वाढली की राजकारण बदलणारच, असं वाटतं. पण माणूस ट्रेनमधून उतरला आणि त्याचं मत मोजलं गेलं, यांच्यामध्ये तीन चाळण्या आहेत : नाव लागलं का, नाव लागून त्या दिवशी तो इथे होता का, आणि इथे असून बाहेर पडला का. समजा चारशे फ्लॅटचा टॉवर उभा राहिला आणि हजार सज्ञान माणसं आली. निम्म्यांनी नाव लावलं, त्यातले निम्मे मतदानाला गेले, तर मतं झाली अडीचशे. हे आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत.

आता यापुढे खरा आकडा ठेवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये बेलापूर विधानसभेत मंदा म्हात्रे संदीप नाईकांपेक्षा ३७७ मतांनी पुढे राहिल्या. त्याच मतदारसंघात २०१४ ला गणेश नाईक १,४९१ मतांनी हरले होते. अशा ठिकाणी दोन टॉवरांनी फॉर्म ८ भरला की नाही, यावर आमदार ठरू शकतो. कोण कुठून आलं याने ठरेलच असं नाही, पण कोणाचं नाव लागलं होतं याने नक्की.

दुसरी बाजू सहसा कोणी विचारात घेत नाही. आलेल्यांइतकेच गेलेलेही कल बदलतात. जुन्या ठाण्यातली चाळ पुनर्विकासाला गेली, भाडेकरू बदलापूरला पांगले, नावं मात्र नौपाड्यातच राहिली. ती मतं पडतच नाहीत, किंवा उमेदवाराने गाडी पाठवली तर पडतात. कोणाची गाडी येते, त्यावर बरंच अवलंबून.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : आपल्या मशिनवर त्याच्या गावचं चिन्ह असतं का? केरळातल्या पालक्काडहून नेरूळला आलेला माणूस तिकडे आयुष्यभर डावी आघाडी की काँग्रेसची संयुक्त आघाडी यात निवड करत आला. इथे ती लढतच नाही. बिहारच्या समस्तीपूरहून तुर्भ्यात आलेल्याला राजदचा कंदील दिसत नाही, तामिळनाडूतून आलेल्याला द्रमुकचा उगवता सूर्य दिसत नाही. त्यांना नव्याने पक्ष निवडावा लागतो आणि तो बऱ्याचदा कामाच्या जागी, भाषेच्या मंडळात किंवा देवळात ठरतो. पण राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून आलेल्याला कमळ आणि हात दोन्ही ओळखीचे असतात. राज्याराज्यांतली ये-जा राष्ट्रीय पक्षांना जी सवलत देते, ती प्रादेशिक पक्षांना मिळत नाही. शिवसेना असो की राष्ट्रवादी, त्यांच्या प्रत्येक गटाला नवा मतदार शून्यापासून कमवावा लागतो. महापालिकेला मात्र हा फायदा पातळ होतो, कारण तिथे प्रश्न पाण्याचा आणि कचऱ्याचा असतो, आणि नगरसेवकाचा चेहरा माहीत असतो.

६. एवढी लोकसंख्या वाढली, मग आमचे आमदार का वाढले नाहीत?

कारण सीमा गोठवलेल्या आहेत. सध्याचे लोकसभा-विधानसभा मतदारसंघ २००८ मध्ये आखले गेले आणि त्यांना आधार होता २००१ च्या जनगणनेचा. त्या वेळी घोडबंदर रोडवर आजचे निम्मे टॉवरही नव्हते. म्हणून ओवळा-माजिवडा पाच लाख मतदारांच्या पुढे गेलाय, तर शेजारचा कोपरी-पाचपाखाडी साडेतीन लाखांच्या आत आहे. आमदार दोघांनाही एकेकच. नव्या वस्तीतलं मत हलकं झालंय, ते असं. पुढची फेररचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर होईल.

महापालिकेचे प्रभागही २०२६ ला २०११ च्याच आकड्यांवर पाडले गेले. जाता जाता एक गंमत : मतदार यादीत नाव न लावलेला माणूसही जनगणनेत मोजला जातो. म्हणजे यादीत नसलेला मजूर उद्या शेजाऱ्याच्या वाट्याला जास्तीचा नगरसेवक देऊन जाईल, स्वतः मत न देता.

७. परप्रांतीय गठ्ठ्याने मतदान करतात हे खरं का?

काही वस्त्यांत, काही निवडणुकांत, पहिल्या पिढीत दिसतं. नवा माणूस ज्याच्या ओळखीने खोली मिळाली, नळ मिळाला, रेशनकार्ड झालं, त्याचं ऐकतो. यात भाषेपेक्षा उपकाराचा भाग मोठा, आणि साताऱ्याहून आलेल्या मराठी माणसानेही हेच केलंय. मुलं इथल्या शाळेत गेली, घराचा हप्ता सुरू झाला की गठ्ठा सुटायला लागतो. उपवन तलावावर छठपूजेला सगळ्याच पक्षांचे फलक लागतात. गठ्ठा खरंच एकाच्या खिशात असता तर बाकीच्यांनी फलकाचा खर्च कशाला केला असता?

प्रभागाच्या रचनेनेही फरक पडतो. नवी मुंबईत २०१५ ला १११ प्रभाग आणि प्रत्येकी एक नगरसेवक होता. दीड हजार मतांची एक वस्ती तिथे निकाल फिरवू शकायची. २०२६ ला तेच १११ नगरसेवक २८ प्रभागांत बसवले, बहुतेक ठिकाणी चारचं पॅनेल. ठाण्यात ३३ प्रभागांत १३१. पॅनेलमध्ये एका वस्तीचा आवाज बुडतो आणि पक्षाचं चिन्ह जड होतं. त्याचा लाभ कोणाला, हे प्रश्न ५ च्या शेवटच्या परिच्छेदात आहे.

८. आमच्या बूथवर अमुक पक्षाला मोठं लीड मिळालं. म्हणजे गुजराती सोसायट्यांनी तिकडे मत दिलं असंच ना?

असं सिद्ध होत नाही. बूथनिहाय आकडे फॉर्म २० मध्ये प्रसिद्ध होतात आणि ते जरूर बघावेत. पण बूथ सांगतो किती मतं, कोणाची ते सांगत नाही. त्याच बूथवर मागची चाळ, पुढचा टॉवर आणि कोपऱ्यावरचं गावठाण असतं. शिवाय दोन निवडणुकांमध्ये बूथची हद्द बदलते, त्यामुळे ‘गेल्या वेळी शंभर, या वेळी चारशे’ ही तुलना अनेकदा वेगवेगळ्या माणसांची असते. लिफ्टमध्ये शेजाऱ्याशी वाकडं बोलण्याआधी एवढं लक्षात ठेवावं.

९. पण बदल फक्त परराज्यातल्यांमुळेच झाला ना?

अजिबात नाही. देशात एकूणच स्थलांतर करणाऱ्यांत राज्यातल्या राज्यात हलणारेच बहुसंख्य आहेत. आपल्याकडे १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळहून निघालेली कुटुंबं, गिरगावातून ठाण्याला आलेली, दंगलींनंतर १९९२-९३ मध्ये मुंबई सोडून मुंब्र्याला गेलेली, मुंबईतला घाऊक बाजार वाशीला हलल्यावर त्यामागून आलेले माथाडी, या प्रत्येक लाटेने कुठल्या ना कुठल्या बूथचं गणित बदललं.

आणि कोकणातले चाकरमानी! रत्नागिरी जिल्ह्यात २०११ ला दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. ते पुरुष आपल्या आसपास आहेत, पण कित्येकांची नावं अजून गावच्या शाळेतल्या बूथवर आहेत. ‘परप्रांतीय नाव लावतात, आपले लोक लावत नाहीत’ ही तक्रार आम्ही दर रविवारी ऐकतो. तक्रार करणाऱ्याला आम्ही आधी विचारतो, तुमचं नाव कुठे आहे? दर तिसऱ्या माणसाचं उत्तर ‘संगमेश्वर’ असतं.

१०. आम्ही मूळ गाववाले, आगरी-कोळी. आमच्याच जमिनीवर आम्ही अल्पसंख्य झालो, मग आमचं राजकीय वजन कसं टिकलं?

नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० मध्ये आली आणि ९५ गावांच्या जमिनींवर शहर उभं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढी विकसित जमीन परत देण्याची) योजना आली. संख्या कमी झाली तरी गावठाण टिकून आहे : माणसं हललेली नाहीत, नावं यादीत पक्की आहेत, मतदानाच्या दिवशी सगळं गाव घरी असतं. नोडमधला, म्हणजे सिडकोने आखलेल्या वसाहतीतला, रहिवासी तीन वर्षांनी घर बदलतो आणि फॉर्म ८ विसरतो. संख्येत नोड मोठा, पण हजेरीत गावठाण पुढे. प्रश्न ५ मधल्या तिन्ही चाळण्यांतून जवळजवळ पूर्ण उतरणारा हा एकमेव गट आहे, असं माझं निरीक्षण.

११. मतदान मे महिन्यात आलं की निम्मी वस्ती गावी असते. इथून गावचं किंवा गावाहून इथलं मत देता येत नाही का?

सध्या नाही. आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता. एका यंत्रावर ७२ मतदारसंघ घेण्याची सोय होती, जानेवारी २०२३ मध्ये ते पक्षांना दाखवायला बोलावलं, बऱ्याच पक्षांनी हरकती घेतल्या आणि गाडी तिथेच थांबली.

२०२४ ला ठाण्याचं मतदान २० मे रोजी, सोमवारी, ऐन सुट्टीत होतं. जौनपूर-आझमगढचं २५ मे ला. गावात नाव असलेला आठवडा आधीच निघाला. इथे नाव असलेलाही लग्नसराईसाठी निघाला. पगारी सुट्टीचा नियम मात्र माहीत असू द्या : मतदानाचा हक्क असलेल्या कामगाराला त्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावीच लागते.

१२. बिहारमध्ये गावातलं नाव उडालं, इथे अजून लागलेलं नाही. आता?

२०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणात (मतदार यादीच्या नव्याने तपासणीत) बिहारच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गेली. त्यांतली सुमारे ३६ लाख कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले म्हणून. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या बऱ्याच जणांना हे छठला गावी गेल्यावर कळलं. नाव निघालं असेल तर फॉर्म ८ चा आधारच उरत नाही, नव्याने नोंदणीचा मार्ग धरावा लागतो. जुनं कार्ड जपून ठेवा आणि नाव वगळल्याचं बीएलओला (तुमच्या बूथची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) आधीच सांगा.

याचा परिणाम तिकडेही दिसतो. नोव्हेंबर २०२५ च्या बिहार विधानसभेला स्त्रियांचं मतदान ७१ टक्क्यांच्या पुढे होतं, पुरुषांचं ६३ च्या आसपास. फरकाची कारणं अनेक, पण त्यातलं एक महापे-रबाळ्याच्या शेडमध्ये दुसऱ्या पाळीला उभं असतं.

१३. बांधकामावरचे मजूर, पुलाखाली झोपणारे यांना पत्ताच नाही.

तरी नाव लागतं. बेघर माणसाने फॉर्ममध्ये झोपण्याची जागा लिहायची. बीएलओने रात्री तिथे जाऊन तो खरंच झोपतो का हे बघायचं, एकाहून अधिक रात्री. कागद लागत नाही. साइटवरचे मजूर मात्र स्लॅब संपला की पुढच्या साइटला जातात, आणि रहिवासाचा मुद्दा तिथे अडतो.

१४. वसतिगृहात राहणारे विद्यार्थी?

घरचा पत्ता किंवा वसतिगृहाचा, दोन्हींपैकी एक. वसतिगृहाचा घेतला तर संस्थेच्या प्रमुखाचा दाखला जोडा.

१५. आमचा नेपाळी वॉचमन वीस वर्षं इथे आहे.

नेपाळचा नागरिक असेल तर नाही, वर्षं कितीही होवोत. पण चेहरा बघून ठरवू नका. दार्जिलिंग, सिक्कीमचा गोरखा तुमच्या-माझ्याइतकाच भारतीय आहे.

१६. मी नवी मुंबईत राहतो, पण महापालिकेच्या यादीत माझं नावच नाही!

बहुधा तुम्ही खारघर, कामोठे किंवा कळंबोलीचे. पत्त्यात नवी मुंबई असलं तरी तुमची महापालिका पनवेल (स्थापना २०१६), जिल्हा रायगड आणि लोकसभा मावळ. ऐरोली आणि बेलापूर विधानसभा ठाणे लोकसभेत येतात, मुंब्रा-कळवा कल्याणमध्ये. त्यामुळे सीवूड्सहून खारघरला, जेमतेम दोन स्टेशनं, घर हलवलं तरी आमदार, खासदार, महापालिका सगळं बदलतं. लखनौहून आलेल्याइतकाच फॉर्म ८ तुम्हालाही लागू.

महापालिकेसाठी आणखी एक अट : विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची धरली जाते. जानेवारी २०२६ साठी ती १ जुलै २०२५ होती. ऑगस्टमध्ये नाव लावलेले रांगेत उभे राहून परत आले.

१७. बाहेरून आलेला माणूस इथे उभा राहू शकतो का? आरक्षित जागेवर?

खुल्या जागेवर, हो. लोकसभेसाठी देशातल्या कुठल्याही यादीत नाव पुरतं, विधानसभेसाठी महाराष्ट्रातल्या, महापालिकेसाठी त्याच महापालिकेच्या.

विधानसभेच्या किंवा महापालिकेच्या आरक्षित जागेवर गाडी अडते. जात एकच असली तरी दुसऱ्या राज्याचं प्रमाणपत्र इथे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात ही भूमिका घेतली. महाराष्ट्रात वास्तव्याच्या मानीव तारखा आहेत : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. कुटुंब त्याआधीपासून इथलं असल्याचे पुरावे हवेत. म्हणून उत्तर प्रदेशी वस्ती मोठी असलेला प्रभाग ओबीसी झाला की तिथले इच्छुक बाजूला होतात आणि पक्षांची धावपळ सुरू होते. मतदार एका गावचे, उमेदवार दुसऱ्या, असं चित्र यातूनही तयार होतं.

१८. सोसायटी सोडून गेलेल्यांची नावं अजून यादीत आहेत. आम्ही कमिटीच्या लेटरहेडवर सगळी एकदम काढून टाकायला सांगू का?

नको. नाव काढण्याचा फॉर्म ७ प्रत्येक नावासाठी वेगळा, आणि तो देणारा त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. नाव काढण्याआधी त्या माणसाला नोटीस जाते. खोटी हरकत घेणाऱ्यावरही कारवाई होऊ शकते. एका कमिटीने उत्साहात दिलेल्या यादीत दोन म्हातारी माणसं सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेलेली निघाली. तात्पुरतं बाहेर राहिल्याने रहिवास संपत नाही. आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका : ‘घर सोडलेल्यांनी नव्या पत्त्यावर फॉर्म ८ भरा.’ त्याने जुनं नाव आपोआप निघतं. उरलेल्यांसाठी बीएलओला घेऊन एक संध्याकाळ मजल्यामजल्यावर फिरा, आणि जाताना वॉचमनचं रजिस्टर बरोबर घ्या.